बाहेरचा रकाना

लखनौला कोहरा उतरला की आमच्या घरातलं सगळं बोलणं हवेवर येऊन थांबतं. आज काही दिसतंय का? समोरची इमारत? निदान पाण्याची टाकी तरी? आठव्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीतून एरवी गोमतीनगरचे रस्ते, मॉलची पाटी, लांबवर नदीकाठची झाडं असं बरंच दिसतं. पौषात यातलं काहीच उरत नाही. काचेला कुणी बाहेरून पांढरा कागद चिकटवावा तसं होतं आणि तो कागद दिवसचे दिवस कुणी काढत नाही. याला धुकं म्हणायला माझी जीभ वळत नाही. धुकं आमच्या गावाकडे पहाटे येतं आणि नऊच्या आत उठून जातं, शहाण्या पाहुण्यासारखं. कोहरा मुक्कामाला येतो.

शाळा डीएमच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, ऑर्डरने बंद. माझी मुलगी इरा, नववीतली, रजाईत मोबाइल घेऊन पडलेली. नवरा रेल्वेत इंजिनीयर. या दिवसांत गाड्या वेळेवर येत नाहीत आणि तोही येत नाही. आणि हॉलमध्ये, हीटरपासून बरोबर तीन हातांवर, खुर्चीत बसून मटार सोलणारी माझी आई. लखनौच्या हिवाळ्यात मटार इतका येतो की घरोघरच्या म्हाताऱ्यांना कामाला लावायची ती एक सोय झाली आहे. मीही लावते.

आई खटाव तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नोकरी तिथेच संपली, तिथेच दोन खोल्यांचं घर बांधलं, बाबा गेल्यावर तिथेच एकटी राहिली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी ती न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी एकुलती एक. गेले, ऑपरेशन करून घेतलं, घराची किल्ली शेजारच्या सुमनताईंकडे दिली आणि तिला इकडे घेऊन आले. "एक हिवाळा काढ, मग बघू," असं म्हणाले होते. हा तिसरा हिवाळा. तिची निळी बॅग पहिले तीन महिने पलंगाखाली होती. मग झाडताना अडते म्हणून मी ती माळ्यावर टाकली. आईने ते पाहिलं.

रोज अकराच्या सुमाराला ती विचारते, "गाड्या चालू आहेत का गं?"

"लेट आहेत."

"लेट म्हणजे चालू आहेत."

यावर मी स्वयंपाकघरात जाते. तिथे काही काम असतंच असं नाही.

या दिवसांत मला हटकून दुसरा एक हिवाळा आठवतो. आठ वर्षांपूर्वी मी स्कॉटलंडमध्ये तीन महिने होते. मी दगडफुलाची अभ्यासक आहे. म्हणजे काळ्या मसाल्यात घालतात तेच दगडफूल, ज्याला लखनौचे बावर्ची पत्थर के फूल म्हणतात. ते खडकावर, झाडावर, जुन्या देवळांच्या भिंतींवर उगवतं आणि हळूहळू, फार हळूहळू, दगड खातं. ते किती खातं आणि कसं थांबवावं, हे माझं काम. मला नोकरी लागली तेव्हा आई आठवडाभर हसत होती. "मसाल्यातल्या एका जिनसाला सरकार पगार देतं होय? मग जायपत्रीचं कोण बघतं?"

तर त्या कामासाठी मला स्कॉटलंडच्या ईशान्येकडच्या एका खेड्यात पाठवलं होतं. गावात एक रस्ता, एक चर्च, एक दुकान आणि चर्चमागच्या बंद पडलेल्या शाळेत एक संग्रहालय. संग्रहालय म्हणजे एकच मोठी खोली, पूर्वीचा वर्ग. तिच्यात वीसेक कोरीव दगड. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी तिथे पिक्ट नावाचे लोक राहत. त्यांची भाषा गेली, पोथी एकही उरली नाही, राहिले ते दगड. कुणावर घोडेस्वारांची रांग, कुणावर मासा, कुणावर फणी आणि आरसा, कुणावर चंद्रकोरीला छेदून गेलेला मोडका बाण. एक प्राणी तर सारखा भेटायचा, लांब सोंडेसारखं तोंड आणि पायांच्या जागी वळलेल्या शेपट्या. तो कोण, हे कुणालाच ठाऊक नाही.

पहिल्या दिवशी त्या खोलीत शिरले आणि माझं पाऊल दारातच थांबलं. हे तर वीरगळ! आमच्या गावाबाहेर मारुतीच्या पाराजवळ तीन वीरगळ होते. खाली लढाई, वर स्वर्ग, अगदी वर चंद्रसूर्य. शाळेत जाताना आई माझा हात धरून थांबायची. दगडाला हात लावायचा, तोच कपाळाला लावायचा, मग पुढे. कोण वीर, कधी मेला, कुणाशी लढला, तिलाही माहीत नव्हतं. "आपल्यासाठी मेला असेल कुणीतरी," एवढंच म्हणायची. त्या परक्या खोलीत माझा हात आपोआप एका घोडेस्वारावर गेला आणि कपाळाला लागला.

"हात लावू नये, अशी पाटी आहे," मागून आवाज आला. मग जरा थांबून, "पण हे तुम्ही काय केलंत?"

ही मार्गारेट. ऐंशीच्या घरातली, ताठ, दोन स्वेटर घातलेली. संग्रहालयाची किल्ली तिच्याकडे असायची. लहानपणी ती याच वर्गात शिकली होती. मोठा क्रूस कोरलेला दगड उभा होता तिथे तिचा बाक होता. मी तिला वीरगळांचं सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्हाला चालेल. बाकीच्यांना नाही." त्या दिवसापासून मला ती पाटी लागू नव्हती.

त्याच दिवशी मी हे सगळं आईला फोनवर सांगितलं. माझे दुपारचे चार म्हणजे तिचे रात्रीचे साडेनऊ, ही आमची ठरलेली वेळ. आईने घोडेस्वार, मासा, सोंडवाला प्राणी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाळा होती ना ती? मग मुलं कुठे गेली?"

मी मार्गारेटला विचारलं. ती म्हणाली, "शहरात. मुलं गेली, खोली रिकामी झाली, म्हणून दगड आले."

आता माझ्या फजितीचं सांगते. ही गोष्ट मी लखनौच्या महाराष्ट्र मंडळात इतक्यांदा सांगितली आहे की लोक हसायच्या जागी आधीच हसतात. संग्रहालयाच्या दाराशी एक वही असे. नाव, गाव, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. आता, ज्याने आमच्याकडच्या कचेरीत नोकरी केली आहे त्याला सांगायला नको की मस्टरवर दोन्ही वेळा सकाळीच लिहायच्या असतात. अंगठ्याचं यंत्र येण्यापूर्वी आमच्या संस्थेत सगळे तसंच करत. आलात, पेन हातात आहे, तर येण्याची आणि जाण्याचीही वेळ लिहून मोकळे व्हा, संध्याकाळी कोण रांग लावणार? त्यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही नसे. मीही त्या दिवशी दुपारी गेले, नाव लिहिलं, गाव लखनौ, आत दीड वाजता, बाहेर चार वाजता. हात आपला लिहून गेला.

नोव्हेंबरचा शेवट होता. तिकडे तेव्हा साडेतीनलाच अंधारून येतं. मी त्या मोठ्या क्रूसाच्या मागे, कोपऱ्यात, गुडघ्यांवर बसून भिंगातून एक पिवळा ठिपका बघत होते. पावणेचारला मार्गारेट आली, वहीत माझ्यापुढे बाहेर गेल्याची वेळ भरलेली दिसली, दिवे मालवले आणि बाहेरून कुलूप लावून घरी गेली.

आधी मी हसले. मग दार ठोठावलं. मग ओरडले. भिंती हातभर जाड, बाहेर वारा, फोनला रेंज नाही. खिडक्या उंचावर, मुलांनी बाहेर बघत बसू नये म्हणून जुन्या शाळांतून करत तशा. अंधार असा की हात दिसेना. दगड मात्र दिसत होते, किंवा ते आहेत हे कळत होतं. वीस जण उभे होते आणि त्यांच्यातली मी एकविसावी.

मी त्या क्रूसाला टेकून बसले. त्याच्यावर केल्टिक गाठ कोरलेली होती, एक दोरा स्वतःच्याच खालून-वरून जात राहतो तशी. आई संक्रांतीला दारात जी ठिपक्यांची रांगोळी काढायची, तिची रेघ अशीच जायची. काही सुचेना म्हणून मी अंधारात त्या दोऱ्यावर बोट ठेवलं आणि त्याचं टोक शोधायला लागले. वर गेले, आत वळले, खाली आले, परत तिथेच. त्याला टोक नव्हतं. कोरणाऱ्याने ते मुद्दाम ठेवलेलं नसतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि बंद खोलीत बोटाने हुडकणं वेगळं. चार वाजून गेले असणार, हे मला घड्याळाशिवाय कळलं. तिकडे आई फोनपाशी बसली असेल. नऊला झोपणारी बाई माझ्यासाठी साडेनऊपर्यंत जागते. मला त्या खोलीचं भय नव्हतं. मी इथे आहे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि वहीत मी बाहेर गेले आहे, याने मला रडू आलं. चांगली हुंदके देऊन रडले मी, हे मंडळात सांगत नाही.

सहाच्या सुमाराला किल्ली वाजली. मार्गारेट, पायात घरच्या सपाता, हातात सुपाचं भांडं. जेवायला बसल्यावर तिच्या डोक्यात आलं की आपण पावणेचारला कुलूप लावलं, आणि वहीत ती बाई चारला बाहेर गेली आहे. "कुलूप लावल्यावर पंधरा मिनिटांनी तू कशी गेलीस?" ती मलाच रागावून विचारत होती. मी तिला मस्टरचं सांगितलं. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "न झालेली गोष्ट माणूस लिहीलच कशी?"

त्याच रात्री सूप पिताना तिने शेतातल्या दगडाचा विषय काढला. गावाबाहेर बार्लीच्या शेतात एक दगड अजून उभा होता, मूळ जागी उभा असलेला शेवटचा. तो आत आणावा की नाही, यावर मला माझं मत लिहून द्यायचं होतं. दगडफुलाने त्याची एक बाजू पार खाल्ली होती. मार्गारेट म्हणाली, "राहू दे त्याला. शेतकरी त्याला वळसा घालून नांगरतो, मेंढ्या अंग घासतात. इथे आणलास तर हा नुसता जुना होईल."

मी मनात म्हटलं, म्हातारी माणसं अशीच बोलायची. आणि अहवालात लिहिलं, दगड लवकरात लवकर सुरक्षित जागी हलवावा. खाली ऐटीत सही केली.

गेल्या महिन्यात मार्गारेटच्या भाचीची मेल आली. मार्गारेट आता वृद्धाश्रमात आहे, तिने कळवायला सांगितलं म्हणून. दगड आत आणला. दगडफूल सुकून गळून पडलं. पण दगडही आतून सुकत चालला आहे आणि त्याच्या अंगाचे पापुद्रे सुटत आहेत. घोडेस्वाराचं तोंड गेलं. हे असं होऊ शकतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. ओल असते तोवर क्षार दगडात विरघळून राहतात. तो कोरडा पडला की त्यांचे खडे होतात आणि आतून रेटा देतात. पुस्तकात आहे. मी त्याला 'किरकोळ शक्यता' म्हटलं होतं.

मेल वाचून मी हॉलमध्ये आले. आई बाल्कनीच्या काचेशी उभी होती, एक तळहात काचेवर ठेवून. तिचा ब्लाउज खांद्यावरून सुटला होता. गेल्या वर्षी तोच तिला नीट बसायचा. मला माझा राग आला. आई काही दगड नाही, उगाच उपमा जोडत बसू नये, हे मलाही कळतं. पण तिच्याशी इथे बोलणारं कोण आहे? इरा मराठी समजते आणि उत्तर हिंदीत देते. सब्जीवाल्याशी आई मराठीत भांडते आणि तो हसून जास्तीची मिरची देतो. गावात ती बाजाराला निघाली की निम्मं गाव "बाई, बरं आहे ना?" म्हणायचं, कारण निम्म्या गावाला तिने बाराखडी शिकवली आहे. इथे ती आठशे चारवाल्यांची आजी आहे.

मग तिला पाठवत का नाही? मला भीती वाटते. दुसरं काही कारण नाही. ती पुन्हा पडेल, सुमनताईंना कळायला सकाळ होईल, दवाखाना लांब, आणि मी इथे, गाड्या लेट. ही भीती मी प्रेमाच्या नावाने खपवते. इतकी खपवते की या कोहऱ्यात मी एक गोष्ट केली. आई रोज चारला काठी घेऊन खाली जायची, गेटबाहेरच्या ठेल्यापर्यंत जाऊन यायची. डॉक्टर म्हणाले, इतक्या थंडीत नको. ती ऐकेना. तेव्हा मी दाराची वरची कडी लावायला लागले. तिथे तिचा हात पोचत नाही. इरा घरात असते, काळजी नको, असं मी स्वतःला सांगत होते.

परवा रविवारी सकाळी मी न्हाऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी. मटार अर्धे सोललेले. दाराची कडी उघडी. इराने दूध घेतलं होतं आणि पुन्हा कडी लावली नव्हती.

"आजी कुठे गेली?"

"मुझे क्या पता? मैंने बोला था आजी को, कोहरा है, कुछ दिख नहीं रहा, कहाँ जाओगी? बोली, इथेच."

मी ओल्या केसांनी खाली धावले. आवारात दोन पावलांपुढचं दिसत नव्हतं. "आई!" म्हणून हाका मारल्या, तो आवाजही जवळच कुठेतरी पडायचा. गाड्या आवारात हळूहळू सरकतात, त्यांना ती दिसणार नाही. काठी घसरली तर? त्या बंद शाळेत सुद्धा मी अशी घाबरले नव्हते. गेटजवळ धुराचा वास आला. चौकीदाराच्या खोलीत रामसजीवन भैयाने घमेल्यात लाकडं पेटवली होती, आणि त्याच्या खुर्चीत, माझा स्कॉटलंडचा जुना कोट घालून, माझी आई बसली होती. मांडीवर गेटचं रजिस्टर होतं.

"आई, काय हे! मी मेले असते ना भीतीने!"

आईने चष्म्यावरून बघितलं. "केस पुस आधी. सर्दी होईल."

रामसजीवन भैया गडबडीने उठला. "मैडम जी, माताजी तो रोज़ आती थीं। इधर दस दिन से नहीं आईं तो हमने सोचा तबीयत ख़राब है। आज बोलीं, इतने दिन की एंट्री छूट गई।"

"कसली एंट्री?"

त्याने आईच्या मांडीवरचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. पाहुण्यांसाठीचं. डिलिव्हरीवाले, नळवाले, नातेवाईक, यांच्या गिचमिड हिंदीत दर काही ओळींनी शाळेच्या फळ्यावरचं असावं तसं अक्षर. सुलोचना जाधव. कुठून आलात: खटाव. कुणाकडे: ८०४. काम: मुलीकडे. आत येण्याची वेळ: ४.२५. ४.३०. ४.२०. मी पानं उलटत गेले. दिवाळीतही होतं, दसऱ्यालाही. सगळीकडे बाहेर जाण्याचा रकाना कोरा.

"हमने कहा था, माताजी, आप तो यहीं की हैं, यह रजिस्टर मेहमानों का है। बोलीं, मेहमानच है हम। और बाहर वाला ख़ाना छोड़ देती हैं।" तो जरा ओशाळला. "कहती हैं, वो बेटी भरेगी।"

आई शेकोटीकडे बघत होती. घमेल्यात एक लाकूड सरकलं. मला काहीतरी बोलायचं होतं, दवाखान्याचं, न्हाणीचं, जिन्याचं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मी याआधी शंभरदा बोलले होते. मी सव्वादोन तास कोंडली गेले तर आठ वर्षं त्याची गोष्ट सांगत फिरते.

पेन दोरीने रजिस्टरला बांधलेलं होतं. आजच्या ओळीत आईने नाव लिहिलं होतं, गाव लिहिलं होतं. मी शेवटच्या रकान्यात लिहिलं: होळीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळची गाडी.

रामसजीवन भैया वाकून बघत होता. "मैडम जी, जाने का तो जाते टाइम लिखते हैं। पहले से थोड़े ही लिखते हैं?"

"हमारे दफ़्तर में पहले ही लिख देते हैं," मी म्हणाले.

आईने रजिस्टर ओढून घेतलं, चष्मा नाकावर सरळ केला आणि ती ओळ वाचली. मुलांची वही तपासताना वाचायची तशी, एकेका अक्षरावर थांबून. मग वही मिटली आणि काठी शोधत उठली.

"चल वर," ती म्हणाली. "आणि ती माळ्यावरची बॅग काढ माझी. तुझ्याच्याने नाही झालं तर इराला सांग."